साखरपुड्याला येसर आमटी, व्याही पुण्याचे: तिखटाचं गणित कसं बसवायचं?

उंबरठा
घर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. मुलाचा साखरपुडा घरीच आहे. माणसं ४०, त्यातली १८ मुलीकडची, पुण्याहून येणार. जेवणात येसर आमटी (भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांच्या पिठाची, म्हणजे येसराची आमटी) हवीच असं घरातल्या मोठ्यांचं म्हणणं आहे, आणि ते मान्य आहे. अडचण अशी की आमच्या पद्धतीची केली तर पाहुण्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी, आणि त्यांना सोसेल अशी केली तर घरचे म्हणणार, हे काय गुळवणी वाढलंय.
विचारायचं ते असं:
येसराचं वजनी प्रमाण आणि ४० माणसांना आमटी किती लिटर?
तिखट पातेल्यात किती, बाहेर किती?
भाकरी ठेवावी का पोळी?
पाहुण्यांना न दुखावता आणि आपली चव न सोडता वाढायचं कसं?
आचारी नाही. घरच्या चार बायका आणि दोन गॅस आहेत.

दगडफूल
आधी येसर, कारण ते आठ दिवस आधी करून ठेवता येतं. एक किलोच्या आसपास होईल असं प्रमाण देतो. वाट्यांनी मोजू नका. गव्हाची वाटी आणि धन्याची वाटी यांच्या वजनात निम्म्याचा फरक पडतो.

गहू ४०० ग्रॅम, हरभरा डाळ २००, ज्वारी १००, उडीद डाळ ५०, धने १००, सुकं खोबरं ७५, सुकी लाल मिरची ४०, जिरे २५, हळकुंड १५, मिरे १०, दालचिनी १०, सुंठ १०, दगडफूल १०, लवंग ५, मसाला वेलची ५, तमालपत्र ५. हिंग हरभऱ्याएवढे दोन खडे, तळून.

प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, जाड बुडाच्या कढईत. गव्हाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तडतड आवाज येऊन थांबत आला की एक दाणा दाताखाली धरा. टचकन तुटला तर झालं, चिवट लागला तर अजून पाच मिनिटं. हरभरा डाळ बाहेरून लाल होते पण आत कच्ची राहते. हीच सगळ्यात मोठी चूक. कच्च्या डाळीच्या येसराची आमटी कितीही उकळा, पिठूळ वास जात नाही. दगडफूल मात्र आचेवर ठेवू नका. बाकीचं भाजून झालं की गॅस बंद करून गरम कढईत टाका आणि दोनदा हलवा. जळलं तर सगळा डबा कडवट होतो.

सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळा. कोमट असताना दळलं तर खोबऱ्याचं तेल सुटतं, गोळे बनतात आणि पंधरा दिवसांत खवट वास येतो. गिरणीतून आणणार असाल तर गिरणीवाल्याला सांगा, आधी थोडी ज्वारी टाकून दळणाचे दगड साफ करून घे. नाहीतर कुणाच्या तरी मिरचीचं तिखट फुकटात मिळतं. तुमच्या बाबतीत ते फारच महागात पडेल.

शेतशिवार
ज्वारीऐवजी बाजरी टाकणारी घरं बरीच आहेत. बाजरीने आमटी थोडी काळपट आणि दाट होते. पण बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं. येसर आठ दिवसांत संपणार असेल तर बाजरी चालेल, वर्षभराचं करायचं असेल तर ज्वारीच बरी. दगडी ज्वारी मिळाली तर उत्तम, भाजल्यावर तिला खमंग वास येतो.

उंबरठा
येसर कळलं. ४० माणसांना किती लागेल?

दगडफूल
माणशी ३०० मिली धरा, म्हणजे १२ लिटर. एक वाटी भरून आणि नंतर अर्धी वाटी मागून घेतात, असा तो हिशोब आहे. एक लिटरला ४० ग्रॅम येसर, म्हणजे ४८० ग्रॅम. पाचशेचं पाकीट भरून ठेवा. उरलेलं येसर पाहुण्यांच्या हाती डब्यात देता येईल. येसर-मेतकूट देण्याची पद्धत आहेच.

एकाच मोठ्या पातेल्यात १२ लिटर करू नका. घरच्या गॅसवर मध्ये उकळी आणि कडेला शांतता, असा प्रकार होतो आणि बूड लागतं. ८-८ लिटरची दोन पातेली घ्या आणि प्रत्येकात सहा लिटर करा.

खाली दिलेलं एका पातेल्याचं आहे:
तेल १५० मिली (करडईचं किंवा शेंगदाण्याचं), मोहरी आणि जिरे दोन-दोन चमचे, हिंग, कढीपत्ता, ठेचलेला लसूण ५० ग्रॅम, हळद एक मोठा चमचा, ब्याडगीचं तिखट २० ग्रॅम. पाणी पाच लिटर, आधीच उकळून ठेवलेलं. येसर २४० ग्रॅम, पाऊण लिटर गार पाण्यात कालवलेलं. चिंच ६० ग्रॅमचा कोळ, गूळ ४० ग्रॅम. मीठ आधी ४५ ग्रॅम, शेवटी चाखून आणखी १०.

येसर गार पाण्यातच कालवा, पातळ धिरड्याच्या पिठाइतकं. कोरडं येसर उकळत्या पाण्यात भुरभुरलं की बाहेरचं पीठ लगेच शिजून त्याची पिशवी होते आणि आत कोरडी भुकटी राहते. त्या गाठी मग पळीने दाबूनही फुटत नाहीत. कालवलेलं घालताना एकजण ओतणारा, एकजण ढवळणारा. पहिली पाच मिनिटं पळी थांबवायची नाही.

त्यानंतर मंद आचेवर वीस मिनिटं. चिंचेचा कोळ दहा मिनिटं झाल्यावर. गूळ त्याच्याही नंतर.

देगलूरनाका
चिंच आणि गूळ दोन्ही? येसर आमटीत गूळ घालणं आमच्या भागात चालत नाही. चिंच हवी, ती पण जरा चढी.

दगडफूल
बारा लिटरला ८० ग्रॅम गूळ म्हणजे लिटरला सात ग्रॅमही नाही. गोड लागणार नाही, चिंचेची धार तेवढी बोथट होते. पाहुणे पुण्याचे आहेत म्हणून घातला. घरच्यांसाठी करत असाल तर खुशाल वगळा.

देगलूरनाका
मग ठीक. पण एक गोष्ट धागाकर्त्यांनी लक्षात घ्यावी. 'मराठवाड्याची चव' म्हणून एकच काही नसतं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, तरी प्रत्येक टोकाची चूल तिच्या शेजाऱ्याकडे बघून पेटते. नांदेडच्या देगलूर-बिलोलीकडे तेलंगणाची सोबत, म्हणून अंबाडी आणि चिंच सढळ, भातही जास्त. लातूर-धाराशिवला सोलापूर आणि कर्नाटक जवळ, म्हणून शेंगदाण्याची चटणी, म्हाद्या (दाण्याच्या कुटाचं कालवण) आणि वेळ अमावस्येची भज्जी. हिंगोलीकडे विदर्भाचं तिखट येतं. छत्रपती संभाजीनगरात नान-खलिया (नान आणि मटणाचा रस्सा) आणि तहरी (मसाल्याचा भात). लातूरच्या घरात परभणीची सून आली तरी पहिले सहा महिने आमटीवरून कुजबुज होते. पुण्याच्या मुलीचं काय घेऊन बसलात.

मेतकूटभात
पुण्याच्या बाजूने लिहिते. आमच्याकडच्या बहुतेकांना तिखटाची नाही, *काळ्या* चवीची सवय नसते. गोडा मसाला आणि काळा मसाला नावाने जवळचे वाटतात, पण गोड्या मसाल्यात धने, तीळ, खोबरं पुढे असतं आणि भाजणं बेताचं. मराठवाड्याच्या काळ्या मसाल्यात मिरची आतच असते आणि खोबरं, धने पार गडद होईपर्यंत तळले-भाजले जातात. आमच्या जिभेला तो गडदपणा पहिल्या घासाला 'जळलं की काय' असा लागतो. त्यामुळे आमटीत काळा मसाला अगदी थोडा ठेवा. भरल्या वांग्यात मात्र बिनधास्त घाला. तिथे शेंगदाणा त्याला सांभाळून घेतो.

दगडफूल
बरोबर बोललात. म्हणूनच वरच्या प्रमाणात काळा मसाला मुळीच नाही. तो तर्रीत घ्यायचा.

तर्री वेगळी करायची. तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथे आहे, पातेल्यात नाही. मिरचीचा तिखटपणा तेलात उतरतो, पाण्यात फारसा नाही. म्हणून पातेल्यातल्या आमटीचा वरचा तवंग जाळतो आणि खालची आमटी मवाळ असते. तो तवंग आपणच वेगळा करून ठेवला की दोन घरांची दोन तोंडं एकाच आमटीत भागतात.

४० माणसांसाठी तेल २५० मिली. चांगलं तापवून गॅस बंद करा आणि दोन मिनिटं थांबा. चिमूटभर तिखट टाकून बघा. बारीक बुडबुडे येऊन लाल राहिलं तर तेल बरोबर. टाकल्याबरोबर काळं पडलं तर अजून थांबा. मग ब्याडगी तिखट ४० ग्रॅम, लवंगी मिरचीचं तिखट १५ ग्रॅम, काळा मसाला २५ ग्रॅम, थोडं मीठ. लगेच दोन चमचे पाणी शिंपडा. चर्र होईल, चेहरा लांब ठेवा. त्या पाण्याने मसाला जळत नाही आणि रंग धरतो. दहा मिनिटांनी वर लालभडक तेल, खाली गाळ. वाढताना दोन्ही ढवळून घ्या. नुसतं तेल वाढलं तर फक्त तिखट लागतं, चव गाळात असते.

जळलेली तर्री आमटीत खपवायचा मोह आवरा. फेकून द्या. २५० मिली तेल वाया गेलं तर गेलं.

उंबरठा
काळा मसाला घरचा आहे पण सासूबाईंच्या हातचा, दोन वर्षांपूर्वीचा. वास थोडा बसलाय. चालेल का?

दगडफूल
तळहातावर चमचाभर घेऊन चोळा. आधी दगडफूल-लवंगेचा वास आला तर चालेल, जुन्या खोबऱ्याचा आला तर नको. नवा करायचा तर किलोभराला: धने ४००, सुकी मिरची २०० (दोन भाग ब्याडगी, एक भाग तिखट जात), सुकं खोबरं २००, तीळ ८०, खसखस २०, हळकुंड २०, दगडफूल २०, शहाजिरे १५, दालचिनी १५, मिरे १०, लवंग १०, मसाला वेलची १०, तमालपत्र १०, बाद्यान (चक्रफूल) १०, नागकेशर ५, जायपत्री ५, खडा हिंग १०. तेल साधारण १०० मिली, सगळ्या भाजण्याला मिळून. भरताना बरणीत अधूनमधून हिंगाचे बारीक खडे ठेवा. ओला चमचा घातला की वरून जाळी धरते, मग हिंगही वाचवत नाही.

सासूबाईंचा मसाला बाजूला सारून नवा करताय हे मात्र परस्पर करू नका. 'आत्याबाई, या वेळी तुमच्या हातून नवा भाजून घेऊ, कार्य आहे' असं म्हणा. भाजताना त्या शेजारी बसल्या की प्रमाण लिहून घेता येईल, हा वेगळाच फायदा.

भाकरी_तव्यावर
भाकरी की पोळी, यावर माझं मत दोन्ही. साखरपुड्याला पोळी लागतेच, पण येसर आमटीबरोबर पोळी म्हणजे मन मारणं. आमटीत कुस्करायला भाकरीच हवी.

एका भाकरीला ९० ते १०० ग्रॅम पीठ. घरची २२ माणसं दोन-दोन आणि पाहुणे कुतूहलाने अर्धी-एक, म्हणजे साधारण ६० भाकरी, सहा किलो पीठ. चार बायकांत साखरपुड्याच्या सकाळी ६० भाकरी करायच्या म्हणजे दोघींचं कार्य चुलीपुढेच जाईल. गावात बचतगटाच्या भाकरी करून देणाऱ्या असतील तर त्यांना चार दिवस आधी सांगा. पीठ तुमचं, दळण तुमचं, थापणं त्यांचं.

पीठ ताजंच हवं. आठ-दहा दिवसांवर गेलेल्या ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याची ताकद, जाते. ज्वारीत गव्हासारखा चिकटा नसतो, जे काही धरून ठेवतं ते गरम पाण्याने थोडं शिजलेलं पीठच. म्हणून पाणी नुसतं कोमट नको, हाताला चटका बसेल असं. एक किलो पिठाला पाऊण लिटरच्या आसपास लागतं. पण सगळं एकदम मळू नका. दोन-तीन भाकरींचं पीठ घ्यायचं आणि तळहाताच्या मुळाने रगडायचं. परातीला चिकटणं थांबलं आणि गोळा दाबल्यावर कडेला चीर पडली नाही की थापायला घ्या.

तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतो, तिथेच बहुतेकींची भाकरी बिघडते. पाणी पूर्ण सुकायची वाट बघितली तर भाकरीला भेगा पडतात आणि ती फुगत नाही. पाणी लावल्या-लावल्या उलटली तर तव्याला चिकटते. वरची चमक जाऊन ओल नुसती मॅट दिसायला लागली की उलटायची. दुसरी बाजू पूर्ण भाजू द्या, मग तवा सरकवून पहिली बाजू आचेवर. फुगली नाही तर दोष थापण्यात, कुठेतरी जाड-पातळ आहे.

झालेल्या भाकरी एकावर एक रचून झाकू नका, वाफेने खालच्या ओल्या होतात. टोपलीत सुती कापड, भाकरी उभ्या कडेने टेकवून, पाच मिनिटं वाफ गेली की मग वरून कापड.

शेतशिवार
आणि पाहुण्यांना भाकरी वाढताना पापुद्रा काढून, त्यावर लोणी किंवा तूप आणि शेंगदाण्याची चटणी टाकून द्या. पहिल्यांदा खाणारा तिथेच जिंकला जातो. चटणी खलबत्त्यात कुटलेलीच हवी. मिक्सरमध्ये फिरवली तर कूट होतं, चटणी होत नाही.

मेतकूटभात
एक महत्त्वाचं. शेंगदाणा तुमच्याकडे चटणीत, वांग्यात, कोशिंबिरीत, सगळीकडे असतो. पाहुण्यांत कुणाला शेंगदाण्याचा त्रास आहे का हे आधी फोन करून विचारा. तसं कुणी निघालं तर त्यांचं ताट वेगळं वाढा आणि पळीही वेगळी ठेवा. त्याच फोनमध्ये कांदा-लसूण न खाणारे किती, तेही विचारा. असे कुणी असतील तर एका पातेल्यात लसूण टाकूच नका. येसर आमटी बिनलसणाची छान लागते, हिंग थोडा वाढवा. आणि हा फोन मुलाच्या आईने मुलीच्या आईला करावा. मुलांच्या हातून निरोप गेला की 'सगळं चालतं' एवढंच उत्तर येतं.

उंबरठा
भरली वांगी पण धरली आहेत. प्रमाण द्या ना कुणीतरी.

भाकरी_तव्यावर
लहान काटेरी वांगी चार किलो, ४० ते ५० ग्रॅमची एक. माणशी दोन. भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट ६०० ग्रॅम, तीळ १५०, सुकं खोबरं १५०, काळा मसाला ८०, तिखट ४०, चिंच ८०, गूळ ८०, मीठ चवीनं पण मसाल्यात थोडं चढं, कारण वांगं आतून अळणी असतं. तेल ४०० मिली.

चिरलेली वांगी मिठाच्या पाण्यात टाका, काळी पडत नाहीत. पण भरण्याआधी उपडी ठेवून पाणी निथळू द्या, नाहीतर सारण वाहून जातं. कूट थांबून-थांबून फिरवा, भरड ठेवा. सलग फिरवलं की तेल सुटून लगदा होतो आणि रस्सा चिकट लागतो. शिजवताना झाकणावर पाणी ठेवा आणि तेच गरम पाणी लागेल तसं आत घाला. गार पाणी ओतलं की वांगी आक्रसतात. देठाजवळ सुरी सहज गेली की बंद करा. चार किलो वांगी पातेल्यात एकावर एक तीनपेक्षा जास्त थर रचली तर खालची फुटतात, म्हणून पसरट भांडं घ्या.

देगलूरनाका
गोडाचं काय ठरलं? गुलाबजाम मागवणार असाल तर राहू द्या. कुंथलगिरीचा खवा तुमच्या शेजारच्याच धाराशिव जिल्ह्यातला, त्याला भौगोलिक मानांकन आहे. तुमच्या लातूरच्या पानचिंचोलीच्या चिंचेला, बोरसुरीच्या तुरीला आणि कास्तीच्या कोथिंबिरीलाही २०२४ मध्ये मिळालं. पाहुण्यांना सांगायला एवढा मालमसाला घरात असताना बाहेरचे डबे कशाला?

भाकरी_तव्यावर
खवा चांगलाच, पण चार बायकांना गुलाबजाम तळायला बसवू नका. गव्हाची खीर करा. सडलेले (कांडून साल काढलेले) गहू एक किलो, रात्रभर भिजवून, कुकरला मऊ होईपर्यंत. गूळ एक किलो, दूध दोन लिटर, खोबऱ्याचा किस, सुंठ, वेलची, जायफळ. गहू पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालू नका, घातलात की दाणा पुढे मऊ होत नाही. आणि उकळत्या दुधात गूळ पडला तर दूध फाटू शकतं. गहू-गूळ शिजवून कोमट करा, दूध वेगळं तापवून कोमट करा, आणि पंगत बसायच्या आधी एकत्र. ४० जणांना वाटी-वाटी पुरते. उरली तर दुसऱ्या दिवशी घट्ट होते, थोडं दूध घालून सैल करा.

वाढपी
सगळे स्वयंपाकाचं बोलताहेत, वाढण्याचं कुणी बोलेना. जेवण बिघडतं ते बहुतेक वाढताना.

आमटीच्या दोन बादल्या नकोत. 'पाहुण्यांची' आणि 'घरची' अशा वेगळ्या बादल्या दिसल्या की पाहुण्याला वाटतं आपल्यासाठी काहीतरी कमी दर्जाचं केलंय. एकच आमटी सगळ्यांना. मागून दुसरा वाढपी छोट्या वाडग्यात तर्री घेऊन फिरतो. आणि प्रश्न कसा विचारता त्याला महत्त्व आहे. 'तिखट चालेल का?' असं व्याह्यांना विचारलं तर सगळे 'हो, चालेल ना' म्हणणार. नाही म्हणायचं कुणाला बरं दिसत नाही. 'तर्री आमटीत घालू की बाजूला वाटीत देऊ?' असं विचारा. दोन्ही उत्तरांत मान राहतो आणि ज्याला नको तो बाजूला घेऊन सोडून देतो.

वाढताना बादली तळापासून ढवळा. येसर खाली बसतं. न ढवळता वाढली तर पहिल्या पंगतीला पाणी आणि शेवटच्या पंगतीला पिठलं.

आमटी तासाभरात दाट होते. दीड लिटर उकळतं पाणी थर्मासमध्ये ठेवा, लागेल तसं सैल करा आणि प्रत्येक लिटरमागे चमचाभर मीठ विसरू नका.

साधं वरण-भात-तूप ठेवाच. किलोभर तूरडाळ, अडीच किलो तांदूळ. ज्याला आमटी झेपली नाही त्याचं पोट भरण्याची ती जागा. दही ताटात सुरुवातीलाच वाढा. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो, दह्याने तोंड शांत होतं. कुणी ठसका दिला तर सगळ्यांनी मिळून 'पाणी द्या, पाणी द्या' करू नका. गुपचूप दह्याची वाटी पुढे सरकवा.

आग्रह दोनदा. तिसऱ्यांदा ताटावर हात आडवा आला की तिथे थांबायचं. आपल्याकडे हात आडवा आला तरी बोटांच्या फटीतून भाकरी टाकतात, ते घरच्यांसाठी ठेवा.

मेतकूटभात
वाढपींना साष्टांग नमस्कार. शेवटच्या वाक्याबद्दल विशेष.

शेतशिवार
आणि जेवताना मुलीला 'हे तुला आता करायला यायला पाहिजे' असं कुणी म्हणणार नाही याची जबाबदारी एका मावशीवर टाका. प्रत्येक घरात अशी एक आत्या असतेच, तिच्या शेजारी ती मावशी बसवा.

दगडफूल
हे लग्नानंतरही लागेल म्हणून लिहितो. नव्या सुनेचा आणि घरचा मसाला जुळत नसेल तर वाद घालण्याआधी एक साधी गोष्ट करा. एक लिटर आमटी बिनमसाल्याची करा आणि तीन वाट्यांत वाटा. एकीत घरचा काळा मसाला, दुसरीत माहेरचा गोडा, तिसरीत निम्मा-निम्मा. प्रत्येकी पाव चमचा, वर गरम तेल. कोणती कुणाची हे न सांगता चाखायला द्या. बहुतेक वेळा कळतं की तक्रार मसाल्याची नव्हतीच, एका घरात मीठ चढं असतं, एका घरात आंबट. 'हाताला चव' म्हणतात त्यातलं पुष्कळसं म्हणजे भाजणं किती गडद, आंबट कशाचं आणि मीठ कधी पडतं.

देगलूरनाका
पुष्कळसं. सगळं नाही हो.

उंबरठा
सगळं लिहून घेतलं. तारीख सांगायची राहिली, मार्गशीर्षातला गुरुवार आहे. दुपारचं जेवण.

वाढपी
मग वहिनी, आकडा बदला! मार्गशीर्षातल्या गुरुवारी दोन्हीकडच्या बऱ्याच बायका उपास धरतात, संध्याकाळी पूजेनंतर सोडतात. व्याहीणबाईच उपाशी आणि आपण येसर आमटी वाढतोय, असं व्हायला नको. त्या फोनमध्ये हेही विचारा. शक्य असेल तर मुख्य जेवण संध्याकाळी घ्या.

भाकरी_तव्यावर
दुपारीच करावं लागलं तर उपासाच्या बायकांसाठी भगर, माणशी ६० ग्रॅम. कोरडी भाजून, तिप्पट उकळत्या पाण्यात. सोबत दाण्याची आमटी, पण तिला फोडणी तुपाची आणि तिखट हिरव्या मिरचीचं. हळद, मोहरी, हिंग नको, आणि उपासाला जिरे-कोथिंबीर चालते का हे घरोघर वेगळं असतं, ते विचारून घ्या. सैंधव ठेवा. भगरीचं पातेलं, पळी आणि वाढणारी, तिन्ही वेगळी. येसर आमटीच्या बादलीतली पळी चुकून भगरीत गेली की त्या बाईचा दिवस गेला, आणि ती काही बोलणारही नाही.

उंबरठा
व्याहीणबाईंशी आत्ताच बोलले. त्यांच्याकडच्या सात जणींचा उपास आहे, आमच्याकडच्या पाच. जेवण संध्याकाळी सातला ठरलं. दुपारी पोचतील तेव्हा फराळाला भगर पाऊण किलो, दाणे अर्धा किलो यादीत लिहिलं. शेंगदाण्याचा त्रास कुणाला नाही. एक काका लसूण खात नाहीत, म्हणून डाव्या गॅसवरचं पातेलं बिनलसणाचं.

वाढपी
त्या पातेल्याच्या कडीला दोरा बांधा. गर्दीत डावं-उजवं कुणाच्या लक्षात राहत नाही.